लेन्सचं वजन: किती सोसायचं आणि नेमकं कशासाठी?

आडवाट
नमस्कार मंडळी. फुलफ्रेम मिररलेस कॅमेरा घेऊन झाला (२४ मेगापिक्सेल, निकॉन झेड माउंट), सोबत आलेली झूम वापरून झाली. आता ५० मिमीच्या आसपासची एक प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स) घ्यायची आहे. कंपनीचे तपशील बघायला बसलो आणि डोकं गरगरलं. (एफपुढचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त; काचा म्हणजे लेन्सच्या आतली भिंगं.)

४० मिमी एफ/२: १७० ग्रॅम, ६ काचा.
५० मिमी एफ/१.८ एस: ४१५ ग्रॅम, १२ काचा.
५० मिमी एफ/१.४: ४२० ग्रॅम, १० काचा.
५० मिमी एफ/१.२ एस: १०९० ग्रॅम, १७ काचा.

जवळपास तेच दृश्य टिपायला पहिलीपेक्षा शेवटची सहापटीहून जड. रिव्ह्यू वाचले की प्रत्येक जण शेवटी मोठ्या लेन्सकडेच बोट दाखवतो, कारण कोपरे तिचेच चांगले. पण रिव्ह्यू लिहिणारा लेन्स टेबलावर ठेवून तपासतो. मला ती गळ्यात अडकवून हिंडायचं आहे.

माझा वापर: घरातल्या माणसांचे संध्याकाळच्या उजेडातले फोटो, डोंगरात भटकंती, आणि अलीकडे रात्रीच्या आकाशाचं वेड लागलंय. प्रिंट काढल्या तर फार तर ए३. बाकी सगळं पडद्यावरच बघितलं जातं. या तिन्हींना मिळून एकच लेन्स घ्यायची तर रेघ कुठे मारायची? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि 'दोन्ही घ्या' असा सल्ला कृपया नको, तो मला स्वतःलाच सुचतोय.

भिंगवेडा
आडवाट, उत्तर तुमच्या यादीतच आहे. मधल्या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. एफ/१.८ एस ४१५ ग्रॅम, एफ/१.४ ४२० ग्रॅम. लांबीही दोघींची ८६.५ मिमी. वजन तेच, पण ते खर्ची पडलंय वेगवेगळ्या कामांवर. पहिलीत ते दोष निस्तरण्यात गेलं, दुसरीत जास्त उजेड आत घेण्यात. त्यामुळे एफ/१.४ वाली लेन्स एफ/१.८ वर आणली तरी कडांना ती एस मालिकेतल्या बहिणीची बरोबरी करत नाही.

तेव्हा 'लहान की मोठी' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'हे जास्तीचे ग्रॅम कशाचे?' असं विचारा. तीन कारणं असतात.

एक, उजेड. लेन्समध्ये समोरून बघितलं की जे उघडं भोक दिसतं त्याचा व्यास म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सच्या नावातले मिमी) भागिले एफ आकडा. ५० मिमी एफ/१.८ ला साधारण २८ मिमी, एफ/१.२ ला ४२ मिमी. म्हणजे व्यास दीडपट. काचेचं वजन मात्र मापाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, आणि दीडचा घन जवळजवळ ३.४. यातून सुटका नाही. कोणत्याही कंपनीचा कितीही हुशार अभियंता असो, एवढा उजेड हवा तर एवढं भोक लागणारच.

दोन, दोषनिवारण. ५० मिमीची जुनी ठरीव रचना म्हणजे डबल गाउस. तिचं मूळ पॉल रुडॉल्फने झाइससाठी १८९६ साली केलेल्या प्लानारमध्ये. तिचीच ६ काचांची वंशावळ आजही जिवंत आहे: कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम, १६० ग्रॅम. मग २०१३ मध्ये झाइसने ओटस ५५ मिमी एफ/१.४ काढली, १२ काचांची. पाठोपाठ २०१४ मध्ये सिग्माची ५० मिमी एफ/१.४ आर्ट आली, १३ काचा आणि ८१५ ग्रॅम. प्रकाश वळवायचं काम जास्त पृष्ठभागांत वाटलं की प्रत्येक पृष्ठभागावरचा ताण कमी होतो, म्हणून दोषही कमी उरतात. तिथून सगळ्यांनीच ५० मिमी फुगवायला सुरुवात केली.

तीन, फोकसची यंत्रणा. जुन्या ५० मध्ये सगळ्या काचा एकत्र पुढेमागे सरकत. आता आतला एखादा हलका गट तेवढा सरकतो, त्यामुळे फोकस झटपट आणि आवाज न करता होतो. पण गट हलला की उरलेल्या काचांना सावरून घ्यावं लागतं, म्हणून आणखी काचा. व्हिडिओसाठी फोकस बदलताना दृश्य लहानमोठं होऊ द्यायचं नसेल तर आणखीच.

यातलं कुठलं तुम्हाला हवंय ते ठरवा. तुमच्या तीन वापरांतला प्रत्येक वापर वेगळ्या कारणाकडे ओढतोय, म्हणून गोंधळ होतोय.

किरमिजी
वाचनखूण साठवली. भिंगवेडा, काचांची संख्या वाचून लेन्स चांगली की वाईट ते कळतं का?

भिंगवेडा
नाही. काचा कोणत्या, किती अचूक घासल्यात आणि कशा बसवल्यात हे त्याहून महत्त्वाचं. प्रत्येक काचेला दोन पृष्ठभाग, आणि हवेला लागून असलेला प्रत्येक पृष्ठभाग थोडा उजेड परत फेकतो. आजच्या कोटिंगमुळे हे सोसतं एवढंच.

मंदप्रकाश
धाग्यात थंड पाणी ओततो, राग मानू नका.

ए३ प्रिंट ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) काढायची तर साडेसतरा मेगापिक्सेल पुरतात. ४के पडदा म्हणजे ८.३ मेगापिक्सेल. फोन तर सोडूनच द्या. कोपऱ्यातला जो फरक तुम्ही २०० टक्के मोठा करून बघता, तो ८ मेगापिक्सेलवर आणल्यावर बहुतेकदा मरतो.

दुसरं, एफ/८ ला आल्यावर फोटोच्या मध्यभागी १७० ग्रॅमची आणि १०९० ग्रॅमची लेन्स ओळखून दाखवा. डिफ्रॅक्शनमुळे (लहान भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) एफ/८ ला प्रत्येक बिंदूचा ठिपका साधारण १०.७ मायक्रॉनचा होतो, एफ/११ ला १४.८ चा. २४ मेगापिक्सेल फुलफ्रेमचा एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. ही मर्यादा सगळ्या लेन्सना सारखीच. दिवसाउजेडी डोंगरात एफ/८ वर फोटो काढणाऱ्याने किलोभर काच वागवायची ती कशासाठी?

तिसरं, घरातल्या माणसांचे फोटो. माणसं हलतात. शटर १/६० ठेवून हसणारं पोर टिपलं तर लेन्स कितीही धारदार असो, फोटो हललेलाच येणार. आणि वाइड ओपन (भोक पूर्ण उघडं) एफ/१.२ ची गंमत ऐका. एक मीटरवरून ५० मिमी एफ/१.२ ची फोकसमध्ये येणारी खोली जेमतेम ३ सेंटिमीटर भरते. एक डोळा स्पष्ट, दुसरा गेला. ४० मिमी एफ/२ ला त्याच अंतरावरून साडेसात सेंटिमीटर मिळतात. म्हणजे एफ/१.२ घेऊनही दोन माणसांच्या फोटोला तुम्ही एफ/२.८ वरच येणार. मग तो वरचा सव्वा-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फक्त वजनकाट्यावर दिसतो.

लहान लेन्सचा खरा गुण एमटीएफच्या (लेन्सचा धारदारपणा दाखवणाऱ्या) आलेखात नसतो: ती सोबत असते. मोठी असली की माणूस 'आज नको' म्हणतो. बाकी चालू द्या.

कुरुंद
+१. विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

तिपाई
मंदप्रकाश दादा, अर्धं मान्य, अर्धं अजिबात नाही. तुम्ही आडवाट यांचा तिसरा वापर सोयीस्करपणे गिळलात. रात्रीचं आकाश.

आकाशाला एफ/८ चालत नाही. तारे सरकतात, शटरची उघडझाप लांबवता येत नाही, म्हणून एफ/२ किंवा त्याहून मोठं भोक लागतं. आणि तारा हा लेन्सचा सगळ्यात निर्दय परीक्षक. काळ्या पाटीवर शुद्ध बिंदू, तोही चारही कोपऱ्यांत. कोमा हा दोष असलेल्या लेन्समध्ये कडेचे तारे पंख पसरलेल्या पाखरासारखे दिसतात. हे बघायला २०० टक्के मोठं करावं लागत नाही, ए४ प्रिंटवरही दिसतं. आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट सुधारत नाही.

मुळात सगळे दोष एका मापाने मोजणंच चूक. मी ते असे बघतो. काही दोष संगणकावर निघून जातात: डिस्टॉर्शन (सरळ रेघा वाकणं), व्हिनेटिंग (कोपरे काळवंडणं), कडेच्या रेघांना येणारी तांबडी-निळी किनार. काही दोष अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) लहान केलं की निवतात: गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत न मिळणं), कोमा, आणि फोकसच्या पुढेमागे येणारी जांभळी-हिरवी झाक. काही मात्र चिवट. फील्ड कर्व्हेचर घ्या. फोकसचं प्रतल सपाट नसून वाटीसारखं वाकलेलं असतं. तपासणीचा तक्ता सपाट असतो म्हणून तिथे लेन्सचे गुण कापले जातात. डोंगरात पुढ्यातलं गवत आणि मागचा कडा वेगवेगळ्या अंतरावर असतात, तिथे हा वाक कधी चक्क मदतीला येतो, कधी घात करतो. पण माणसांची सरळ रांग उभी करून फोटो काढा, टोकाचे दोघे मऊ येतील. अ‍ॅपर्चर लहान केल्याने ते झाकलं जातं, जात नाही.

तेव्हा जो दोष मला फुकटात घालवता येतो, त्याच्या निवारणासाठी मी एक ग्रॅमही जास्त उचलणार नाही. जो घालवता येत नाही आणि माझ्या फोटोत खरोखर उठून दिसतो, त्यासाठी अर्धा किलो आनंदाने उचलेन. माझ्या पाठीवर तिपाई असतेच, वरचे अडीचशे ग्रॅम तिला कळतही नाहीत.

मंदप्रकाश
तिपाईला कळत नसतील, खांद्याला कळतात :)

आकाशाचं मान्य. पण महिन्यातून एखाद्या अमावास्येला काढायच्या फोटोसाठी उरलेले सगळे दिवस जड लेन्स वागवायची, हा हिशोब मला पटत नाही. आणि एक राहिलं. वाइड ओपनला थोडं गोलीय विपथन उरलेली जुनी ५० माणसांच्या चेहऱ्यावर जो मऊपणा देते, तो या धुवून-पुसून चकचकीत केलेल्या लेन्समध्ये येत नाही. पार्श्वभूमीसुद्धा जास्त लोण्यासारखी विरघळते. 'दोष' म्हणून ज्याला शिव्या घालता त्याचे पैसे देऊन लोक जुन्या लेन्स शोधत फिरतात.

भिंगवेडा
ते विपथन कोणत्या बाजूला उरलंय त्यावर आहे दादा. एका बाजूला उरलं तर मागची पार्श्वभूमी विरघळते. उलट बाजूला उरलं तर त्याच पार्श्वभूमीतल्या दिव्यांना कडक कडा येतात, साबणाच्या फुग्यांसारख्या. जुनी आहे म्हणून गोडच असेल असं नाही. दुसऱ्या टोकाला, साच्यातून काढलेल्या, गोलाकार वक्र नसलेल्या अ‍ॅस्फेरिकल काचांमुळे काही आधुनिक लेन्समध्ये बोकेच्या (फोकसबाहेरच्या धूसर भागातल्या दिव्यांच्या) चकत्यांत कांद्यासारखी वलयं दिसतात. जड लेन्स म्हणजे सुंदर बोके हेही गृहीत धरू नका.

लहान लेन्सबद्दल मात्र एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. आकार आटोक्यात राहावा म्हणून पुढची-मागची काच लहान ठेवली की कडेकडून येणाऱ्या किरणांना नळीच आडवी येते. कोपरे काळवंडतात आणि बोकेच्या चकत्या कडेला मांजराच्या डोळ्यासारख्या लांबुळक्या होतात. काळवंडणं संगणकावर निघेल, चकत्यांचा आकार नाही.

रानपाखरू
५० मिमीच्या गप्पा वाचून गंमत वाटली. आमच्या पक्षीवाल्यांकडे या, मग वजन काय असतं ते दाखवते.

भिंगवेडांचं पहिलं कारण आमच्याकडे एकटंच राज्य करतं. ६०० मिमी एफ/४ म्हणजे १५० मिमी व्यासाचं भोक. तिथे काचांची संख्या, कोटिंग वगैरे सगळं नंतर. पुढची काच तेवढी असणारच. म्हणून आमच्याकडे तडजोड जवळजवळ पूर्णपणे अ‍ॅपर्चरमध्येच होते, दर्जात फारशी करावी लागत नाही.

उदाहरण द्यायचं तर निकॉनची ५०० मिमी एफ/४ ई एफएल: ३०९० ग्रॅम. २०१८ मध्ये आलेली ५०० मिमी एफ/५.६ पीएफ: १४६० ग्रॅम. निम्म्याहून कमी. तोटा एक स्टॉपचा. यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. भोक १२५ वरून ८९ मिमीवर आलं, आणि फ्रेनेल पद्धतीची काच वापरल्यामुळे लांबी आणि रंगदोष दोन्ही आटोक्यात आले. त्या काचेची एक खोड आहे: चौकटीत प्रखर उजेडाचा उगम आला, समजा पाण्यावर चमकणारा सूर्य, तर त्याच्याभोवती विचित्र वलय येऊ शकतं. पण ते रोज होत नाही.

आता दर्जाचं. एफ/४ वाली लेन्स तपासणीत काकणभर सरस आहे, मी नाकारत नाही. पण ती तिपाईवर असते. पक्षी डोक्यावरून जातो तेव्हा तिपाईवरची लेन्स वळेपर्यंत तो गेलेला असतो. दीड किलोची हातात असली तर निदान प्रयत्न तरी होतो. उलट झुडपातले, पहाटेचे, सावलीतले पक्षी असतील तर तो एक स्टॉप आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० आणि ६४०० मधला फरक ठरतो. तेव्हा मी कोणते पक्षी काढते, यावर लेन्स ठरते.

आणि टोकाची तडजोड बघायची तर कॅननची आरएफ ६०० मिमी एफ/११, ९३० ग्रॅम. भर उन्हात उत्तम चालते. ऊन उतरलं की पिशवीत.

कुरुंद
तिपाई म्हणाले 'फुकटात निघतं', त्याबद्दल थोडं. फुकट काहीच नसतं.

हल्लीच्या बऱ्याच छोट्या वाइड लेन्स मुळातच असं धरून बनवलेल्या असतात की डिस्टॉर्शन कॅमेरा नाहीतर रॉ प्रोसेसर (कॅमेऱ्याची कच्ची फाइल उघडणारा प्रोग्रॅम) सरळ करेल. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८, अवघी १६५ ग्रॅम. तिची रॉ फाइल दुरुस्तीशिवाय उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघा, रेघा पिंपासारख्या फुगलेल्या आणि कोपरे अंधारलेले दिसतील. दुरुस्ती झाली की सगळं व्यवस्थित. मला यात फसवणूक वाटत नाही. काचेने करायचं काम गणिताने केलं आणि लेन्स खिशात मावली. वाईट काय?

पण किंमत कुठे मोजली जाते ते माहीत असावं. कोपरे ताणले की तिथले पिक्सेल पसरतात, तपशील पातळ होतो. आणि कोपरा ३ स्टॉपने काळा असेल तर तो उजळवताना आठपट वर ओढावा लागतो. आयएसओ ८०० वर काढलेल्या फोटोच्या कोपऱ्यात मग ६४०० सारखा दाणा दिसतो. दिवसा कोणाला पत्ता लागत नाही. रात्रीच्या आकाशात आधीच सगळं ओढून उजळवतो, तिथे पितळ उघडं पडतं. म्हणजे आडवाट, तुमचा तिसरा वापर इथेही आडवा येतोय.

किरमिजी
एक बाळबोध प्रश्न. एवढी वजनाची चिंता आहे तर सरळ मायक्रो फोर थर्ड्स (लहान सेन्सरचा कॅमेरा) घ्यावं ना? त्यांच्या लेन्स किती चिमुकल्या असतात!

भिंगवेडा
बाळबोध नाही, पण उत्तर सरळ 'हो' असंही नाही. तो सेन्सर १७.३ बाय १३ मिमीचा, फुलफ्रेमच्या बाजूने निम्मा. त्यामुळे दृश्यकोन, खोली आणि एकूण गोळा झालेला उजेड यांची तुलना करताना फोकल लेंग्थ आणि एफ आकडा दोन्ही दुप्पट धरायचे.

ऑलिंपसची ४५ मिमी एफ/१.२, ४१० ग्रॅम. फुलफ्रेमच्या भाषेत ती ९० मिमी एफ/२.४ झाली. सोनीची ८५ मिमी एफ/१.८ आहे ३७१ ग्रॅमची. सिग्माची ९० मिमी एफ/२.८ तर २९५ ग्रॅम. मग फायदा कुठे गेला? फायदा आहे तो ऑलिंपसच्याच ४५ मिमी एफ/१.८ मध्ये, ११६ ग्रॅम. फुलफ्रेमच्या हिशोबाने ९० मिमी एफ/३.६. एवढी मंद ९० मिमी प्राइम फुलफ्रेमसाठी फारशी कोणी बनवतच नाही. म्हणजे लहान सेन्सरचं बळ तडजोड कबूल केल्यावरच दिसतं. सगळंच हवं म्हटलं की वजन परत येतं.

फिरताना कॅमेरा, दोन लेन्स आणि चार्जर धरून एकूण ओझं मोजलं तर मायक्रो फोर थर्ड्स अजूनही जिंकतं, हे मात्र खरं. आडवाट यांनी कॅमेरा घेऊन टाकलाय, तेव्हा त्यांना याचा उपयोग शून्य.

आडवाट
मंडळी, आभार. प्रतिसाद वाचून तिन्ही वापर वेगळे करून बघायला लागलो. माणसांसाठी एफ/२ ते एफ/२.८, मध्यभाग महत्त्वाचा. डोंगरासाठी एफ/८, तिथे काहीही चालेल. आकाशासाठी एफ/२ च्या आसपास आणि कोपरे स्वच्छ. म्हणजे ४१५ ग्रॅमचं ओझं एकट्या आकाशापायी.

दोन शंका. मिररलेस आल्यावर आरसा गेला, माउंट सेन्सरजवळ आलं, मग लेन्स लहान व्हायला हव्या होत्या ना? उलट फुगल्या. आणि अलीकडे त्याच कंपन्या दुसऱ्या आवृत्तीत वजन घटवतायत. सोनीची २४-७० एफ/२.८ जीएम ८८६ ग्रॅमवरून ६९५ वर आली, ७०-२०० एफ/२.८ तर १४८० वरून १०४५ वर. मग थांबावं का?

भिंगवेडा
आरसा गेल्याचा फायदा वाइडला, ५० ला फार नाही. डीएसएलआरमध्ये (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) कॅननचं माउंट (लेन्स जोडायची जागा) सेन्सरपासून ४४ मिमीवर, निकॉनचं ४६.५ वर. त्यामुळे ३५ मिमी किंवा त्याखालच्या लेन्सला उलट्या टेलिफोटोसारखी रचना करावी लागे. आंजेन्यूने १९५० मध्ये रेट्रोफोकस काढली ती याच अडचणीपायी. झेड माउंट १६ मिमीवर, आरएफ २० वर. आता मोठी मागची काच सेन्सरच्या जवळ ठेवता येते. ही सवलत दोन प्रकारे वापरता येते: लेन्स लहान करा, नाहीतर तेवढ्याच लेन्समध्ये दर्जा वाढवा. सुरुवातीला कंपन्यांनी दुसरं केलं, कारण नवं माउंट विकायला तपासणीतले आकडे लागतात. (हे माझं मत.)

शिवाय एक अट आडवी येते. फिल्मला किरण तिरपे आले तरी चालत. सेन्सरवर काचेचा थर असतो, तिरपे किरण त्यातून येताना कोपरे फिसकटतात. म्हणून रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या जुन्या चिमुकल्या वाइड लेन्स अ‍ॅडॅप्टरने आजच्या मिररलेसवर लावल्या की कडांना निराशा पदरी पडते. लायकाच्या स्वतःच्या डिजिटल कॅमेऱ्यांत हा थर पातळ ठेवलेला असतो.

लहान आणि निर्दोष दोन्ही एकत्र मिळतच नाही असं नाही. लायकाची एपीओ-सुमिक्रॉन ५० मिमी एफ/२, २०१२ सालची: ८ काचा, ३०० ग्रॅम, आणि दर्जा अव्वल. पण ऑटोफोकस नाही, एफ/२ च्या वर नाही, आणि काचा इतक्या काटेकोर बसवाव्या लागतात की किंमत सामान्य माणसाने विचारू नये. फोग्टलेंडरची एपीओ-लँथार ५० मिमी एफ/२ सोनीसाठी ३६४ ग्रॅम, तीही मॅन्युअल. वजन घटवलं की ते किमतीत, नाहीतर सोयीत, नाहीतर उजेडात बाहेर येतं.

थांबण्याबद्दल: ज्या लेन्स हलक्या झाल्या त्या मुळात फार जड होत्या. ४१५ ग्रॅमची ३०० होईल या आशेवर अमावास्या वाया घालवू नका.

तिपाई
आडवाट, भाड्याने किंवा ओळखीतून दोन्ही लेन्स एक दिवस मिळतात का बघा, आणि तक्त्याचे नव्हे, तुमच्या वापराचे फोटो काढा. मी असं तपासतो.

दूरवरचा एक दिवा निवडायचा, अंधारात. कॅमेरा तिपाईवर, फोकस मॅन्युअल, स्थिरीकरण बंद. फोकस चौकटीच्या मध्यात पक्का करून घ्यायचा, मग त्याला हात न लावता कॅमेरा वळवून दिवा चारही कोपऱ्यांत आणायचा. वाइड ओपन, मग एक स्टॉप खाली, मग दोन. दिव्याला कोणत्या अ‍ॅपर्चरपर्यंत पंख राहतात ते कळतं. त्याच वेळी कोपऱ्यांची आपसात तुलना करायची. तीन कोपरे सारखे आणि एक फिसकटलेला असेल तर रचनेचा दोष नाही, त्या एका लेन्समध्ये काच तिरकी बसली आहे. ती परत करून दुसरी मागायची. रिव्ह्यूत चांगली म्हटलेली लेन्स तुमच्या हातात तशीच येईल याची हमी नसते. बहुतेक कंपन्यांचे एमटीएफ आलेख तर गणिताने काढलेले असतात, प्रत्यक्ष मोजलेले नसतात.

मग त्यातलेच फोटो ए३ वर छापून घ्या, आणि हातभर अंतरावरून बघा. नाक लावून नाही.

मंदप्रकाश
आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही लेन्स आळीपाळीने दिवसभर गळ्यात अडकवा. ही तपासणी कोणीच सांगत नाही.

रानपाखरू
गळ्यात नको, मान जाते. आडवा पट्टा लावा. आणि जड लेन्स असेल तर पट्टा कॅमेऱ्याला नाही, लेन्सच्या कॉलरला (तिपाईला जोडायच्या कड्याला) अडकवा, माउंटवर भार येत नाही. ५० मिमीला कॉलर नसते म्हणा.

आडवाट
४० मिमी एफ/२ एका मित्राकडे आहे, ती या शनिवारी मिळतेय. एफ/१.८ एस भाड्याने घेतो. तिपाई, दिवा किती दूरचा हवा?

तिपाई
अनंतावरचा फोकस धरायला पाचशे मीटर तरी. दिवा शक्य तितका बारीक दिसायला हवा. ट्यूबलाइट नको, ती बिंदू नव्हे, रेघ. आणि आकाश निरभ्र असेल तर दिव्याचा विचार सोडून सरळ तारेच वापरा, फक्त उघडझाप ४-५ सेकंदांपेक्षा जास्त नेऊ नका. नाहीतर तारा सरकलेला असेल आणि तुम्ही कोमाला दोष द्याल.